लेथवरची शुक्रवारची प्रत

कारखान्याचे नकाशे सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे कुलूपकाका म्हणत. मूळ नकाशे त्यांच्या खोलीतल्या सर्व्हरवर होते. प्रत्येक विभागाने ते नेटवर्कवरून बघायचे, पण त्यात एक रेघही ओढायची नाही, असा त्यांचा दंडक. हे दुधाच्या पातेल्यालाही कुलूप लावतील, असं त्यांची बायको चारचौघांत सांगे.

लेथ विभाग आवाराच्या दुसऱ्या टोकाला. तिथलं नेटवर्क मुंगीच्या पावलांनी चाले. नकाशा उघडेपर्यंत चहा निवून जाई. म्हणून काकांनी तोड काढली होती. एकदा उघडलेल्या नकाशाची प्रत तिथल्याच संगणकात आठ दिवस राहील आणि पुन्हा मागितला की तीच दिसेल. मधेच नकाशा बदलला, तर जुनी प्रत काकांनी स्वतः जाऊन पुसायची.

एका सोमवारी एका दांड्याच्या मापात दुरुस्ती झाली. काकांनी मूळ नकाशा बदलला, वहीत नोंदही केली. पुसायला जायचं मात्र राहून गेलं. मंगळवारी लेथवरच्या बाईंनी नकाशा उघडला, तो शुक्रवारी साठवलेला. त्याबरहुकूम त्यांनी चाळीस दांडे कापले. चाळीसही आखूड.

बाई हंगामी होत्या, महिनाअखेर कायम व्हायच्या होत्या. डोळे झाकून काम करणारं माणूस मला कायम नको, असं साहेबांनी सरळ सुनावलं. बाई काकांच्या खोलीत येऊन मूळ नकाशा बघू लागल्या.

"काका, मी नकाशा बघूनच कापलं हो. इथं तर वेगळंच माप दिसतंय. मला वेड लागलंय का?"

काकांनी वही उघडून सोमवारची नोंद पाहिली. निवृत्तीला चार महिने उरलेले, आणि तीस वर्षांत एक चूक नाही हा लौकिक. शनिवारी ती प्रत आपोआप पुसली गेली असती, मग कुणाला पत्ता लागला नसता.

"वेड नाही. चूक माझी आहे. चला."

साहेबांना लेथपाशी नेऊन काकांनी जुनी प्रत उघडून दाखवली. साहेबांनी दोन्ही मापं ताडून पाहिली, मग लेखी द्या म्हणाले. काकांनी तिथंच उभ्या उभ्या लिहून दिलं.

बाई कायम झाल्या. काकांना ताकीद मिळाली. बायकोने विचारलं, लागली का तुमच्या नोकरीच्या फाइलीला?

"लागली," काका म्हणाले. "बऱ्याच वर्षांत तिच्यात नवीन काही आलंच नव्हतं."