लाटण्याचं पेन

शारजातल्या आमच्या अल मजाजच्या फ्लॅटच्या बाल्कनीत माझी एक सवत राहायची. छोटं लेथ मशीन. मायदेशी परत निघालेल्या एका इंग्रज सहकाऱ्याकडून ह्यांनी ते घेतलं आणि माझी कपडे वाळत घालायची जागा गेली. शुक्रवार उजाडला की आमचे गृहस्थ चष्मा चढवून पेनं बनवायला बसलेच! आदल्या संध्याकाळी लाकडाचा तुकडा कापायचा, त्याला आरपार भोक पाडून आत पितळी नळी चिकटवायची, रात्रभर वाळू द्यायचं आणि सकाळी लेथवर गरगर फिरवत तासायचं. कधी लाकडाला रंगीत रेझिनचा तुकडा जोडायचा. रेझिन ओतलं की घरभर वास, आणि लेक "बाबा, इट स्टिंक्स!" म्हणत खोलीचं दार आपटणार.

खालच्या मजल्यावरच्या कपड्यांवर भुसा पडतो म्हणून बिल्डिंगचा नातूर, म्हणजे रखवालदार, एकदा वर येऊन बरंच बोलून गेला. तेव्हापासून ह्यांनी शिस्त लावून घेतली. काम झालं की भुसा, तुकडे, सगळं पिशवीत भरायचं आणि लगेच लिफ्टजवळच्या शूटमध्ये, म्हणजे कचरा थेट तळमजल्यावरच्या खोलीत नेणाऱ्या नळकांड्यात, सोडून द्यायचं. मला त्या शिस्तीचं कौतुकच होतं, कारण बाकी बाबतींत आमच्याकडे आनंदीआनंद होता.

आई गेल्याचा भावाचा फोन आला तो गुरुवारी संध्याकाळी. त्या काळी कंपन्या माणसाचा पासपोर्ट स्वतःकडेच ठेवायच्या. माझा दुबईच्या ऑफिसातल्या तिजोरीत होता, आणि तिजोरीची किल्ली सरकारी कामं बघणाऱ्या मंदूबकडे. शुक्रवारी ऑफिस बंद. दिवसभर मी त्याचा नंबर फिरवत बसले, पठ्ठ्याने काही फोन उचलला नाही. शनिवारी पासपोर्ट हातात पडला तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं. सांगलीच्या घरी पोचले, तर आईला ठेवलं होतं त्या जागी नुसती पणती. तिच्या गालाला, हाताला एकदा हात लावायचा होता मला. एवढंच हवं होतं. रडू आलं नाही तेव्हा. लोक म्हणाले, पोरगी धीराची आहे. कसला डोंबलाचा धीर! मला राग आला होता, त्या किल्लीचा, त्या शुक्रवारचा, शारजात संसार थाटल्याचा.

स्वयंपाकघरात आईचं शिसवी लाटणं फळीवर पडलं होतं. सहज उचललं. उजव्या मुठीला अंगठ्याच्या जागी झिजून खाच पडलेली. माझा अंगठा तिथे बरोबर बसला. मी ते खाली ठेवेचना, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "न्या हो वन्सं, तुम्हालाच असू दे." मी ते साडीत गुंडाळून इकडे आणलं आणि रोज त्याच्यावर पोळ्या लाटायला लागले. पोळ्या तशाच वाकड्यातिकड्या व्हायच्या, पण अंगठा खाचेत असायचा.

एसीच्या कोरड्या हवेने लाटणं पोटाशी एका बाजूला तडकलं. फटीत कणीक अडकायला लागली. मी चिकटपट्टी लावून पाहिली, तेल चोळून पाहिलं, कशाचा उपयोग नाही. तेव्हा हेच म्हणाले, "अगं, चांगला भाग अजून शाबूत आहे. त्याचं पेन करून देतो. ऑफिसात रोज तुझ्या हातात राहील." ते ऐकून माझा जीव एकदम हलका झाला. मी लहानपणी मदतीला गेले की आई हाकलायची, "तू आपली पेन चालव, लाटणं चालवायला मी आहे." ह्याहून चांगलं काय करणार होतो आम्ही? मी हो म्हटलं, तेही अगदी आनंदाने.

त्या शुक्रवारी मी मुद्दाम चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभी राहिले. लेथ सुरू झालं. लाटण्याची काळपट, तुकतुकीत पाठ सालीसारखी निघून खाली पडायला लागली. आतून कोरं लाकूड. मी कप कठड्यावर ठेवला.

"अहो, मुठी कुठायत?"

"मुठी? त्या बारीक असतात गं, नळी नाही बसत. काल कापून टाकल्या."

"टाकल्या म्हणजे?"

लेथ बंद करून हे लिफ्टच्या दिशेने बघत राहिले.

आम्ही दोघं तसेच खाली धावलो. कचऱ्याच्या खोलीला कुलूप, नातूर जुम्म्याच्या नमाजाला गेलेला. तिथेच पायरीवर बसून राहिलो. बाहेर ऊन रणरणत होतं. हे सारखे म्हणत होते, "मिळतील गं, मिळतील." नातूर आला, आमचे चेहरे बघून घाबरलाच. "भाभी, गाडी तो सुबह ही आके गया," म्हणाला. तरी कुलूप काढलं. आत मोजक्याच पिशव्या होत्या, त्या दिवशी सकाळच्या. त्याही मी उघडल्या. अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा, लोकांचं उरलेलं बिर्याणीतलं हाड. आणि तिथे, त्या घाणीत बसून, मला आई गेल्याचं रडू आलं. सांगलीत आलं नव्हतं ते सगळं. "मला तिचा हात पण मिळाला नाही हो," एवढंच मी परत परत बोलत होते. हे शेजारी उकिडवे बसले होते, हातात कुणाच्या तरी कचऱ्याची पिशवी धरून.

पेन त्यांनी पूर्ण केलं. खाली पडलेली ती काळपट साल एकेक वेचून रेझिनमध्ये घातली आणि तो तुकडा वरच्या बाजूला जोडला. हवेतल्या दमटपणाने रेझिन दुधाळ झालं, आतलं धड दिसतही नाही. वर्षश्राद्धाला त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"सुरेख झालंय," मी म्हटलं. खरंच झालं होतं. किती दिवस घासलं असेल कोण जाणे, पेन इतकं गुळगुळीत होतं की माझा अंगठा वरपासून खालपर्यंत फिरला, आणि कुठेच थांबला नाही.