फोटोतला खांब

लालबागच्या आमच्या चाळीच्या ग्रुपवर एका रविवारी फोटो आला. तडा गेलेला खांब, बाहेर आलेली गंजकी सळी आणि खाली मजकूर: आपल्या चाळीची ही अवस्था, आज संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याच्या संमतीपत्रावर सह्या करा. फोटो सेक्रेटरी काकांनीच टाकलेला, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही.

शेजारच्या काकी एकट्या राहतात. दुपारी त्यांच्याकडे गेले तर कपाट रिकामं आणि दारात गाठोडी. सही करून विरारला भाच्याकडे जायचं, पुन्हा इथे येणं होईल की नाही कुणास ठाऊक, असं म्हणाल्या. संमतीपत्र इंग्रजीत होतं म्हणून माझ्या हातात दिलं. इंग्लिश मीडियमच्या मुलीचा चाळीला तेवढाच उपयोग. त्यात खोली परत मिळण्याबद्दल एक ओळही नव्हती.

मग मी फोटो मोठा करून पाहिला. माणसांशी बोलताना मी नेहमी खाली बघते, त्यामुळे आमच्या गॅलरीतली जमीन मला पाठ आहे. सगळीकडे काळी शहाबादी फरशी, दारादाराशी झिजलेली. फोटोतल्या खांबाखाली मात्र लाल-पांढऱ्या चौकटी होत्या. तरी खात्रीसाठी चारही मजले फिरले. तशी फरशी कुठेच नव्हती.

काका गॅलरीतच सह्या गोळा करत होते. भोवती सात-आठजण होते. फोटो तुम्ही काढलात का, असं मी विचारलं. त्यांना तो कुणीतरी पाठवला होता, त्या माणसाला आणखी कुणी.

"अगं, पण फोटो खोटा कसा असेल?"

"फोटो खराच असेल, काका. त्यातली चाळ आपली नाही."

मी फरशी दाखवली. सगळ्यांनी एकदा फोनकडे, एकदा पायांकडे पाहिलं. मग आपले खांब ठणठणीत आहेत असं ग्रुपवर टाकू का, काकांनी जरा चिडून विचारलं. तेही टाकू नका, मी म्हटलं, कारण तेही आपल्याला माहीत नाही. कुणीतरी जाणकाराने येऊन आपले खांब बघावेत आणि सहीनिशी लिहून द्यावं. खाली बघतच, पण वाक्य पूर्ण केलं.

शेजारच्या काकीही दारातून पुढे आल्या होत्या. त्यांनी आपलं संमतीपत्र कोरंच काकांना परत दिलं.

"लेखी येऊ दे, मगे बघतंय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "चल गो, गाठोडी सोडूक लाग."