सिस्टरचा डावा हात

मी अनिश, इंटर्न. म्हणजे नावापुरता डॉक्टर. मी सलाईनची सुई घेऊन निघालो की वॉर्डातल्या म्हाताऱ्या हात पांघरुणात लपवायच्या. गांधीबागेतल्या कापडवाल्यांच्या घरच्या रंभाबाईंना तीनदा टोचलं, तीनदा हुकलो. बाप्पा, आता पुरे, म्हणाल्या. तुम्हाला हसू येईल, मला रडू आलं होतं.

चौथी सुई नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं लावली, पहिल्याच झटक्यात. काटोलकडची, कमी बोलणारी. मला तिचा रागच आला. डॉक्टर मी आणि शिकवणार ही? पण महिनाअखेर हात बसला नाही तर पोस्टिंग वाढवीन, असं आमच्या युनिटच्या सरांनी बजावलं होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी! यातलं गाढव कोण, ते मला नंतर कळलं.

जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःचा डावा हात पुढे करायची. "डोळ्यानं नका शोधू, सर. बोटाखाली उसळते थेच खरी नस." मी हुकायचो, ती दात आवळून बसायची. आठ दिवसांत तिचा हात निळा पडला आणि माझा बसला.

पुढच्या राउंडला रंभाबाईंची नस मला एका दमात सापडली. सरांनी खूश होऊन विचारलं, कुठे शिकलास? सराव केला, सर, मी म्हणालो. मग स्किल लॅबमध्ये नव्या मुलांना तूच शिकव, ते म्हणाले. ती शेजारीच ट्रे धरून उभी होती.

सर गेल्यावर तिनं विचारलं, "काहून नाही सांगितलं, सर? मले शिकवाले आवडते. आमच्या कॉलेजच्या मॅडमले मी थेच काम मागून राहिली होती." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. स्वतःची लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी राउंडमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की सर, सराव माझा, पण हात हिचा आणि विद्याही हिचीच. लॅबमध्ये हिनंच शिकवावं.

सरांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि रजिस्टर उघडलं.

"बरं. नाव सांग हिचं."

मी तोंड उघडलं. तिच्या गळ्यातलं ओळखपत्र नेमकं उलटं वळलेलं. आठ दिवस रोज तिच्या हाताला सुया टोचल्या होत्या, पण 'सिस्टर' यापलीकडे एकदाही काही विचारलं नव्हतं.

तिनं थोडा वेळ माझी वाट पाहिली. मग स्वतःच म्हणाली, "देवकी नत्थूजी ढोले, सर. थर्ड इयर."