बोट मी चालवते

तहसील कचेरीत साहेबांनी कागद असा सरकवला की तो टेबलावरून माझ्या पायाशी पडला. मी वाकले, उचलला, वाचला. ‘सदर महिला पूरबचाव पथकात बोटीची साफसफाई व सामान उचलण्याचे काम करते.’

साफसफाई.

तीन पावसाळे त्या रबरी बोटीच्या मशीनचा दांडा माझ्या हातात व्हता. गेल्या पुरात गोदाकाठच्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्या-झोपड्यांत माणसं अडकली, तव्हा हेच साहेब माझ्या बोटीत आल्ते. दोन्ही हातांनी दोरी धरून, डोळे मिटून. अख्खी बाभूळ वाहत आली. मी बोट वळवली. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, साहेबांनी बोट चालवली.

गोव्यात एक बाई शिडाची बोट चालवतात. पूरबचावाच्या शिबिरात त्यांनी माझं काम बघितलं व्हतं. परदेशच्या सफरीवर न्यायला तयार व्हत्या. पण तिकडं बोट हाती घ्यायची तर योग्यतेचं प्रमाणपत्र लागतं. मला वाटलं, अनुभवाचं पत्र जोडलं तर बरं, म्हणून साहेबांकडं मागितलं.

“साहेब, बोट मी चालवते. चालक लिहा.”

ते कारकुनाकडं बघून हसले. “यांना गावानं विहिरीवर येऊ दिलं नाही, आणि ही निघाली समुद्रावर.”

कारकूनबी हसला.

खोटं न्हाई ते. लहानपणी गावच्या घाटावर आम्हा वस्तीतल्या पोरींना उतरू देत नसत. आम्ही खालच्या अंगाला, डोहात. तिथं पाय टेकत नव्हते. पोहणं शिकले कारण दुसरा इलाज नव्हता.

आजवर मी ‘जी साहेब’ म्हणत आल्ते. त्या दिवशी जीभ वळली न्हाई. कागद त्यांच्यापुढं ठेवला.

“पुरात बोट कोण चालवत व्हतं? यांच्यासमोर सांगा.”

कारकुनाचं हसू विझलं. साहेब लाल झाले.

“पथकातून नाव काढीन तुझं!”

“काढा.”

बाहेर आले. अंबडच्या स्टँडवर बसून गोव्याला फोन लावला. “ताई, पत्र मिळत न्हाई.”

“पत्र राहू दे. प्रमाणपत्राची परीक्षा दे. बोट चालवून दाखव.”

दिवसा कापूस वेचला, संध्याकाळी नियम पाठ केले. लाल दिवा कोणत्या बाजूला, हिरवा कोणत्या, समोरून बोट आली तर कुणीकडं वळायचं. पहिल्या वेळी लेखी परीक्षेत नापास. सगळं इंग्रजीत. घरी येऊन रडले, मंग पुन्हा पुस्तक उघडलं. दुसऱ्या वेळी लेखी निघाली. मंग गोव्याच्या समुद्रात परीक्षकांनी एक तरंगता बोया फेकला, ओरडले, “माणूस पडला!” लाट उंच. बोट फिरवली, वारा बघितला, पहिल्याच फेरीत बोया उचलला.

प्रमाणपत्र आलं. पथकातलं नाव तवर गेलंच व्हतं.

परवा त्याच कारकुनाचा फोन. “पावसाळ्याआधी सराव हाय. मंत्री येणार. बोट कुणालाच जमत न्हाई. साहेब म्हणले, तिला बोलवा.”

“साहेबांना सांगा, माणूस बुडत असंल तर न बोलावता येईन. तमाशाला येणार न्हाई. आन् हुकूम द्यायचा असंल तर लेखी द्या, माझ्या नावानं.”

फोन मीच ठेवला. पुढच्या महिन्यात मी समुद्रावर जाणार. परत येईन ती इथंच, याच काठावर. वस्तीतल्या पोरींना घेऊन गावच्या वरच्या घाटावर उतरणार हाय. दिवसाढवळ्या. कुणी अडवायला आलं, तर समोर मी उभी राहीन.