सावंतकाकांची बटणं

समोरच्या गॅलरीत आज सकाळी सावंतकाका शर्टाची बटणं लावत होते आणि काकू माझ्याकडे पाठ करून, हात मागे बांधून उभ्या होत्या.

चार महिन्यांपूर्वी चहा पिताना काकांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. रक्तदाबाची गोळी त्यांनी परस्पर बंद केली होती. “जरा पडतो, बरं वाटेल,” असं ते बोबडं बोलत राहिले, पण काकूंनी ऐकलं नाही. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना तडक हॉस्पिटलात नेलं. “वेळेत आणलंत,” डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून काकांना काकूच कपडे घालत.

आज तिसरं बटण निसटलं तशा काकू पुढे सरकल्या.

“थांब. मी लावतो.”

त्या थांबल्या. मदतीला धावणं सोपं असतं. हात आवरायला केवढं बळ लागतं, ते मला त्यांच्या घट्ट गुंफलेल्या बोटांत दिसलं.

शेवटचं बटण लागलं. एक काज चुकलं होतं, शर्टाचं एक टोक खाली लोंबत होतं. काकूंनी ते पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “चला, दूध आणू या.”

काका तसेच रस्त्यावर आले. मला पाहताच उजवा हात उंच करून ओरडले, “सगळी मीच लावली!”