माझ्या नातीलाही पळू दे!

खो-खोच्या मैदानाच्या कडेला उभं राहून मी माझ्याच नातीच्या संघातल्या मुलीवर ओरडले. तेव्हा मी लहान होते, जेमतेम त्रेसष्टची. अक्कल यायची होती.

शाळेत मी खो-खोच्या संघात होते, हे आमच्या घरात भिंतींनाही पाठ आहे. राखीव खेळाडू होते आणि बहुतेक वेळ बाकीच्यांच्या चपला राखत बसायचे, एवढंच सांगायचं राहून जातं. तरी खेळातलं आपल्याला सगळं कळतं, ही समजूत पक्की.

सामना बिबवेवाडीला होता. जिल्ह्याच्या संघात आमच्या क्लबसाठी एकच जागा उरली होती आणि ती नातीला हवी होती, तशीच तिच्या मैत्रिणीलाही. सर त्या दिवशीचा खेळ बघून नाव ठरवणार होते. माझं बूड खुर्चीला टेकेना. उठायचं, कुंपणापर्यंत जायचं, परत यायचं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्हीपण खेळताय का?"

शेवटच्या डावात पळायला तिघी आत उतरल्या. तिसरी लगेच बाद झाली. मग बघते तर ती मैत्रीणच एकसारखी पळतेय. पाठलाग करणारीच्या अगदी हाताजवळ जाऊन तिला आपल्या मागे ओढतेय आणि माझी नात पलीकडच्या खांबाशी नुसती उभी. म्हटलं, बघा कशी सरांपुढे मिरवतेय! आणि तोंडातून गेलंच, "अगं, तू एकटीच किती पळशील? माझ्या नातीलाही पळू दे की!"

तिने ऐकलं. एकदा माझ्याकडे बघितलं आणि लांब सरकली. पाठलाग करणारी सरळ नातीवर गेली. चार पावलांत नात बाद. पाठोपाठ तीही. सामना गेला.

सर तिच्यावर उखडले. "पार्टनरला सोडून कुठे गेलीस? तुला जिल्ह्याच्या संघात पाठवून काय करू मी?" ती खाली मान घालून बुटाची नाडी बांधत राहिली.

धायरीला परतताना रिक्षात नात माझ्याकडे पाठ करून बसली. मी विचारलं, "काय झालं गं?"

"माझा पाय मुरगळलाय, आजी. परवापासून. घरी कळलं असतं तर तुम्ही खेळू दिलं नसतं, म्हणून फक्त तिला सांगितलं होतं. ती मला वाचवत होती."

संध्याकाळभर मी या खोलीतून त्या खोलीत. गॅस बंद केलाय का ते पुन्हा पुन्हा बघितलं. टीव्ही लावला, बंद केला. लेकाने विचारलं, "आई, काही हरवलंय का?" दुसऱ्याच्या पोरीची जागा घालवून आले होते मी.

सकाळी नातीच्या आधी क्लबच्या मैदानावर हजर. सरांना सगळं सांगितलं, नातीच्या पायासकट. त्यांनी शिट्टी या हातातून त्या हातात घेतली. "आजी, प्रेक्षकांतून कोणी ओरडलं म्हणून माझी खेळाडू हलली, ही तिचीच चूक. पाय माझ्यापासून लपवला, ही दोघींची. नाव अजून दिलेलं नाही. पाय बरा होऊ दे, दोघींना पळवून बघतो."

म्हणजे ती जागा अजून कोणाचीच नव्हती. मला बरं वाटावं की धाकधूक व्हावी, कळेना. ती मुलगी एका कडेला गुडघ्याला पट्टी बांधत होती. मी जाऊन म्हटलं, "चुकलं गं माझं. रागावलीस?"

पट्टीचं टोक दातात धरून तिने आधी गाठ मारली. मग म्हणाली,

"तिचा पाय बरा झाला की मी तिला हरवणारच आहे आजी, तेव्हा काय ओरडायचं ते ओरडा. फक्त पुढच्या मॅचला पलीकडे बसा, त्यांच्या टीममागे. तिकडे ओरडलात तर आमचा फायदा होईल."