साबणाच्या पाण्यातले पाहुणे

पुतणीच्या प्रयोगशाळेत केसाएवढा काचेचा तंतू साबणाच्या पाण्यात बुडवलेला. त्यातून प्रकाश जातो, टोकावरून परततो आणि संगणकावर रेघ काढतो.

"काका, श्वास हळू! आज रेघ वाकली नाही तर वर्षभराची मेहनत वाया."

माझ्या श्वासाने गावाकडे छपराचे पत्रे उडतात; तरी रोखला. ती थेंबथेंब साबण सोडत होती. वर पृष्ठभागावर जागा संपली, की साबणाचे कण म्हणे पाण्यातच घोळके करतात, लग्नात खुर्ची न मिळालेल्या पाहुण्यांसारखे. रेघ तिथेच वाकते. एवढी कुजबुज प्रकाशाला कशी ऐकू जाते?

रेघ वाकली! पुतणी त्या नितळ पाण्याकडे बघतच राहिली.

"काका, घोळके झाले! दिसत मात्र काहीच नाही."

"मला दिसतायत की! कोपऱ्यातला विचारतोय, पंगत कधी बसणार?"